अंजनाबाईच्या कुकरची शिट्टी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि मनीषनगरातल्या कोणत्याही चांगल्या कामाला कधी नाही न म्हणणारे माननीय आनंदरावजी. ज्यांना आपण आज शाल-श्रीफळ देऊन निरोप देत आहोत ते आपल्या कच्चा आहार मंडळाचे संस्थापक, आदरणीय भैय्याजी. व्यासपीठावरचे सर्व मान्यवर. आणि समोर मांडीवर मोड आलेल्या मटकीची प्लेट घेऊन बसलेल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो, सर्वांना नमस्कार करतो.

मी नानाजी ढोबळे. कळमन्याच्या मार्केट यार्डात पस्तीस वर्षं संत्र्या-मोसंबीची अडत केली, आणि गेली चार वर्षं या मंडळाचा सचिव आहे. भैय्याजी रामटेककडे नवीन आरोग्यधाम काढायला निघाले, तेव्हा त्यांच्या गौरवार्थ पाच मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलं. भाषण मी लिहिलं होतं. ते या खिशात आहे आणि ते खिशातच राहणार आहे.

आधी जे खरं आहे ते बोलतो, म्हणजे मी उपकार विसरलो असं कोणी म्हणायला नको. चार वर्षांपूर्वी माझं वजन ब्याण्णव किलो होतं. सकाळी तर्री-पोहे, रविवारी सावजीचा रस्सा, आणि दोन जिने चढलो की दम लागायचा. भैय्याजींनी मला काकडी, गाजर, पालक, फळं खायला लावली, सकाळी बगीच्यात फिरायला लावलं. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली. डॉक्टरसुद्धा म्हणतात की भाजी-फळं भरपूर खा, त्यानं तब्येत चांगली राहते, काही रोगांचा धोकाही कमी होतो. तेव्हा माझा राग काकडीवर नाही. काकडीनं माझं काही वाकडं केलेलं नाही.

माझा राग या बरणीवर आहे.

नवीन मंडळींसाठी सांगतो. टेबलावर हार घालून ठेवलेल्या या काचेच्या बरणीत कुकरच्या त्रेसष्ट शिट्ट्या आहेत. आपल्या मंडळाची रीतच आहे की सदस्य होताना घरच्या कुकरची शिट्टी भैय्याजींच्या हाती द्यायची. शिट्टी गेली की कुकर गेला, कुकर गेला की शिजवणं गेलं, असा त्यामागचा विचार. प्रत्येक शिट्टीला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधायचं काम सचिवाचं, म्हणजे माझं. चार वर्षांपूर्वी मी माझ्या बायकोला, अंजनाबाईला, म्हटलं, "शिट्टी दे वं."

ती म्हणाली, "काहून? तुम्हाले कच्चं खाचं तर खा ना. माह्या कुकरनं काय केलं?"

मी म्हटलं, "सचिवाच्याच घरी कुकर वाजून राहिला तर लोक काय म्हणतीन?"

तिनं शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली आणि त्या दिवसापासून माझ्यासोबत कच्चं खायला लागली. तिला ते आवडत होतं का? मी विचारलं नाही. तुमच्यापैकी किती पुरुषांनी घरी विचारलं, ते तुमचं तुम्ही पाहा.

आता मागच्या आषाढातली गोष्ट. संध्याकाळी मी ओसरीवर गव्हांकुर कापत बसलो होतो. ती जवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आयका ना, मले काखेजवळ गाठ लागून राहिली. दुखत नाही, पण हाय."

अशा वेळी माणूस काय करेल? बायकोला घेऊन दवाखान्यात जाईल. मी तिला घेऊन भैय्याजींकडे गेलो. सचिव ना मी. भैय्याजी म्हणाले, "नानाजी, घाबरू नका. तपासायला सुई लावली की गाठ पसरते. एकवीस दिवस फक्त रस आणि कच्च्या भाज्या द्या, शरीरच तिला विरघळवतं. मग पाहू." एकवीस दिवस झाले. गाठ तशीच होती. पुन्हा एकवीस दिवस. मग आणखी एकवीस.

अध्यक्ष महाराज, मी कळमन्यातला माणूस आहे. आमच्याकडे संत्र्याच्या एखाद्या पेटीला खालून ओल दिसली तर आम्ही काय करतो? तिथल्या तिथे पेटी उघडतो, हात घालतो आणि नरम फळ बाहेर काढतो. त्यात हयगय चालत नाही. पेटी चढवणारा हमालसुद्धा ओल पाहिली की ओरडतो, "शेठ, पह्यले हे पाहा." पस्तीस वर्षं मी हे केलं. संत्र्यासाठी केलं. बायकोसाठी नाही केलं. याची मला जी लाज वाटते ती मी कोणत्या शब्दांत सांगू?

आणि तुम्ही, आपण सगळे, काय करत होतो? पोळ्याच्या आसपास आपला मेळावा झाला. याच हॉलमध्ये. अंजनाबाईचं वजन सात किलो उतरलं म्हणून तिला या व्यासपीठावर बोलावलं, हातात शहाळं दिलं, टाळ्या वाजवल्या. सर्वात जोरात टाळ्या माझ्या होत्या. बाई रोडावत चालली होती आणि आपण तिचा सत्कार करत होतो.

एकवीस दिवस पाच वेळा झाले. एकशे पाच दिवस. दिवाळीला आमची मुलगी हिमानी पुण्याहून आली. आईला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात घेऊन गेली. सुई लागली, तपास झाला, नाव कळलं. गाठ मोठी झाली होती आणि आजार काखेतल्या ग्रंथींपर्यंत गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "गाठ कधी लक्षात आली होती?" अंजनाबाई माझ्याकडे पाहत राहिली. उत्तर मलाच द्यावं लागलं.

मला वाटलं होतं की माझ्या मूर्खपणाला इथे तरी शेवट आला असेल. नाही आला. केमो सुरू झाली, तरी मी चोरून डब्यात मोड आलेले मूग न्यायचो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की केमोनं पांढऱ्या पेशी कमी होतात, सध्या कच्चं काही नको, सगळं नीट शिजवलेलं, गरम द्या. मी म्हटलं, यांना काय कळतं. दुसऱ्या केमोनंतर तिला ताप भरला, चार दिवस भरती राहावं लागलं. ताप मुगानंच आला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "काका, तिची लढाई चालू आहे. तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"

भैय्याजी मला हातानं खूण करून राहिले की यावर आपण नंतर बोलू. नाही भैय्याजी. एकशे पाच दिवस मी नंतरच म्हणत होतो. आनंदरावजी, तुम्हीही घंटीवरचा हात जरा काढा. माझं थोडंच राहिलं आहे.

तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर नव्या आरोग्यधामाचं रंगीत पत्रक ठेवलेलं आहे. तिसरं पान उघडा. शहाळं हातात घेतलेली जी बाई दिसते, ती माझी बायको आहे. खाली छापलं आहे, "कच्च्या आहाराने गाठ विरघळलेल्या नागपूरच्या भगिनी." ही भगिनी या घडीला घरी डोक्याला रुमाल बांधून बसली आहे. तीन केमो झाल्या, तीन व्हायच्या आहेत, त्यानंतर ऑपरेशन. कोणाची गाठ विरघळली, भैय्याजी? तिला विचारलं कोणी? तिला सोडा, मला तरी विचारलं? तुम्हाला माहीत होतं. दिवाळीनंतर मी स्वतः तुमच्या घरी येऊन सांगितलं होतं. तरी हा फोटो छापला गेला. उद्या हे पान पाहून कुठल्या गावची एखादी बाई आपली गाठ लपवून रामटेकला येईल, आणि तुम्ही तिलाही म्हणाल, मग पाहू.

हे पत्रक परवा अंजनाबाईच्या हाती पडलं. तिनं चष्मा लावून पूर्ण वाचलं. तिच्या तोंडात छाले आले आहेत, गिळता येत नाही. मी पातेल्यात वरण-भात शिजवतो, पण माझ्या हातची दाळ अर्धी कच्चीच राहते. तिला मऊ लागतं, आणि मऊ म्हणजे कुकरचंच. मी म्हटलं, बाजारातून नवीन शिट्टी आणतो. ती म्हणाली, "बजारातून आनू नोका. ज्यायले देली त्यायच्यापासूनच आना. फोटो बी माहा, शिट्टी बी माही."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "पह्यले शिट्टी आना, मंग पाहू."

म्हणून आज आलो. भैय्याजी, तुम्ही खुशाल रामटेकला जा, लोकांना फळं खायला सांगा, फिरायला लावा, तुमचं भलं होवो. पण हे पान फाडून जा. आणि तुमच्या धामाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा की गाठ असेल तर आधी डॉक्टरकडे. हे जोवर लिहिलं जात नाही, तोवर प्रत्येक सभेत मी येऊन हेच बोलणार आहे. मला खुर्ची दिली नाही तर उभ्यानं बोलीन.

आता ही बरणी उघडतो. हार बाजूला ठेवतो, माफ करा. ही पाहा. "अंजनाबाई ढोबळे". अक्षर माझंच आहे. सचिवपद मी या बरणीजवळच ठेवून जातो. आणि झाकण लावत नाही. ज्या बहिणींना आपापली शिट्टी हवी असेल त्यांनी जाताना घेऊन जावी, चिठ्ठ्या सगळ्यांना बांधलेल्या आहेत. ज्यांना गाठ असेल आणि ज्या एकवीस दिवस मोजून राहिल्या असतील, त्यांनी शिट्टीची वाट न पाहता उद्या सकाळी दवाखान्यात जावं. सोबत कोणी नसेल तर मला सांगा, मी येतो.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटांच्या जागी इतकं बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर तेवढं पोटात घाला. बाकीची माफी मी तुमच्याजवळ मागत नाही. ती जिच्याजवळ मागायची आहे, ती दाळ-तांदूळ धुवून, कुकरात पाणी घालून माझी वाट पाहून राहिली आहे. मला आता निघू द्या.