जिन्याखालचा प्लग

हॅलो? हां ताई, बोल… वाचलीस? सगळी?… जरा मोठ्याने बोल गं, इथे जनरेटर चालू आहे… अगं, काल संध्याकाळी वादळ झालं ना, तेव्हापासून अख्ख्या गल्लीची वीज गेलीय. कोलकात्यात वादळ आलं की झाडं आधी तारांवरच पडतात…

नाही, घरात नाहीये. खाली जिन्यापाशी बसलेय, स्टुलावर… सांगते ना. नवरा माझा बिल्डिंगचा सेक्रेटरी, आणि अरुण अडकलाय बराकपूरला. सियालदहकडे येणाऱ्या गाड्याच बंद. त्यामुळे जनरेटरची चावी माझ्याकडे… हो, मीच इनचार्ज. हसू नकोस.

ते सोड, गोष्टीचं सांग. सहाच्या आत पाठवायचीय दिवाळी अंकाला. संपादक म्हणालेत, आज नाही आली तर थेट पुढच्या वर्षी… अगं, तूच मेल करायचीस, माझा लॅपटॉप कधीच मेलाय…

काय नाही पटलं?… वीज-अधिकारी? अगं, त्याच्यावरच तर सगळी गोष्ट उभी आहे. शहरात वीज संपत आलीय, उरलेली एका माणसाच्या हातात. कुणाला दिवा द्यायचा, कुणाला अंधार, ते तो ठरवणार… मग, खलनायक आहे तो, गालातल्या गालात हसणारच… मिशीला काय झालं?… मांजर नको?… कार्टून? ताई, कार्टून म्हणालीस तू?… अशी माणसं नसतात म्हणजे? मग वाईट वागतं कोण?

एक मिनिट हं. सुमित, झाली तुझी पंधरा मिनिटं. काढ फोन… नियम सगळ्यांना सारखा, बाळा.

हां, बोल… शेजारचा मुलगा गं. जिन्याखाली दोनच प्लग आहेत, डिझेल उरलंय अर्धा कॅन, त्यात पंप लावून पाणी चढवायचंय. कुणीतरी कडक व्हायला नको?

थांब हं… आइए काकीमा, आइए, मिक्सर यहाँ लगाइए… ऐकतेयस ना घरघर? चटर्जीकाकी. आज जमाईषष्ठी, इकडे जावयाला जेवायला बोलावतात. हावड्याहून येतोय तो, हिलसा माशासाठी मोहरी वाटायचीय… हो, रांगेत मागे होत्या, पण सण आहे ना गं… आणि मिष्टी दोईचं, म्हणजे गोड दह्याचं, मडकं आणून दिलं त्यांनी, नाही कसं म्हणू?… लाच कसली मेली, प्रेम आहे.

काका, जरा नंतर या हं… अगं, श्यामरावकाका. तिसऱ्या मजल्यावर राहतात, आपले नागपूरचे. बंगळुरूला नातीचं बारसं आहे आत्ता, फोनवर बघायचंय त्यांना, आणि फोन बंद… मग मी तरी काय करू? एका प्लगवर मिक्सर, दुसऱ्यावर… नाही, भांडले नाहीत. 'बरं बाई' म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले…

दुसऱ्यावर?

दुसऱ्यावर माझा फोन आहे… अगं, याची बॅटरी गेलीय, वायर काढली की दोन-चार मिनिटांत मान टाकतो… कधीपासून म्हणजे? सकाळपासून… नाही, पंधरा मिनिटं नाही. पण मी इनचार्ज आहे ताई, मला सतराजणांचे फोन येतात. मला थोडी सूट नको?

का हसतेस?… कुठलं वाक्य?… हो, मीच लिहिलंय. 'जो वीज वाटतो, त्याला थोडी सूट असतेच.' अधिकारी म्हणतो ते, मांजराला कुरवाळत…

अगंबाई. ताई, मला लाज वाटतेय, आणि हसूही येतंय. मांडीवर मडकं घेऊन बसलेय मी.

काका, या इकडे. लावा फोन… माझा राहू दे, काढला मी. बसा, स्टुलावर बसा. होईल चालू, दम धरा.

ताई, पटपट लिहून घे, आता हा फोन फार वेळ टिकत नाही. मिशी काढ. मांजर काढ. ते हसणंही काढ. अधिकाऱ्याची बाई कर. चांगल्या घरातली, शेजारपाजाऱ्यांना आवडणारी. मांडीवर दह्याचं मडकं दे तिच्या. आणि एक म्हातारा येतो, ती नंतर या म्हणते, तो 'बरं बाई' म्हणून पायरीवर बसतो… नको, आरडाओरडा नको. तो गप बसतो ना, त्याचीच भीती वाटली पाहिजे… हो, शेवट तोच. आणि पाठवून दे.

लागला का काका? दिसतंय बाळ?… अगं, पाळणा म्हणतायत तिकडे, ऐकू येतोय? काकीमांनी मिक्सर थांबवला बघ. सगळे वाकून बघतायत, सुमितसुद्धा…

काय? त्या बाईचं नाव? अगं, माझंच ठेव. वृंदाच ठेव… ऐकलंस ना? ताई? हॅलो?

गेला.

काका, काय हो नाव ठेवलं?