पुढचं स्वस्त, अलीकडचं महाग

…नाही, पण मला तुम्हीच सांगा, लांबच्या गावाचं तिकीट स्वस्त आणि वाटेतल्या गावाचं महाग, असं कुठे असतं का? टॅक्सीवाला कधी म्हणतो का, की बाई, चौकात उतरलात तर शंभर द्या आणि चौकातून पुढे दवाखान्यापर्यंत आलात तर साठच द्या? नाही म्हणत. पण विमानवाले म्हणतात. आणि ते तसं म्हणतात हे आमच्या ह्यांना कळलं, तिथून सगळं सुरू झालं.

आता आमचे हे म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं. तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक. तीस वर्षं ह्या माणसानं दुसरं काही म्हणून केलं नाही, दुकानादुकानांत शिरून तराजू तपासले, दुधाची मापं तपासली, कापडवाल्याच्या मीटरला स्वतःची पट्टी लावून पाहिली. मग निवृत्त झाले, पण संशय काही निवृत्त झाला नाही. घरात बिस्किटाचा पुडा आला तरी आधी काट्यावर जातो, मग डब्यात. डॉक्टरनं एक गोळी दिली तर "एकच का?" दोन दिल्या तर "दोन कशाला?" आणि दर वेळी चष्मा कपाळावर सरकवून तेच वाक्य, "यात काहीतरी आहे."

हं, तर थोरल्या नणंदबाईंचा फोन आला. तुम्ही म्हणाल, बहिणीचा फोन, त्यात काय एवढं? अहो, नऊ वर्षांनी आला. नऊ वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेलो होतो. मेहुण्यांचं हार्डवेअरचं दुकान, खिळे, स्क्रू, साखळ्या, सगळं किलोवर. हे पाहुणे म्हणून गेलेले, सुट्टीवर, नवा शर्ट घालून, पण खिशात काय? तर अर्ध्या किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन. लोक खिशात रुमाल ठेवतात, हे वजन ठेवायचे. गिऱ्हाईकं उभी असताना ह्यांनी ते मालाच्या पारड्यात ठेवलं, दुसऱ्या पारड्यात दुकानातलं अर्ध्या किलोचं ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पंधरा ग्रॅमचा फरक आहे." मेहुणे हातातली खिळ्यांची पुडी बांधत राहिले. संध्याकाळी नणंदबाईंनी आमच्या बॅगा दाराशी आणून ठेवल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "तुझी नोकरी तुझ्या घरी कर." झालं. नऊ वर्षं.

आणि आता ह्या फोनवर काय म्हणाल्या? "रविवारी दुकान बंद होतंय. कायमचं. ह्यांनी सांगितलंय तुला बोलव म्हणून. येणार असलास तर ये." फोन बंद. हे म्हणाले, "नऊ वर्षांनी बोलावतात. यात काहीतरी आहे." पण तुम्हाला सांगते, तासाभरानं बघते तर गृहस्थ बाल्कनीत बसून बुटांना पॉलिश करतोय. दोन्ही जोड्यांना.

मग तिकिटं. मी म्हटलं, काढा आणि मोकळे व्हा. कसले मोकळे होतात. "अगं इकडे ये," म्हणाले, "हे बघ. अक्काच्या गावापर्यंत एवढे पैसे. आणि तेच विमान, तीच वेळ, अक्काच्या गावी उतरून दुसऱ्या विमानानं आणखी पुढे त्या लांबच्या गावी जायचं, तर निम्मे. जाऊन येऊन निम्मे. जास्त माल आणि कमी पैसे, असा दुकानदार मी तीस वर्षांत पाहिला नाही. यात काहीतरी आहे." मी म्हटलं, असेल, त्यांचं त्यांना ठाऊक, आपण आपलं साधं तिकीट काढू. तर हे आवाज खाली आणून म्हणतात… घरात आम्ही दोघंच, ऐकणार कोण, तरी आवाज खाली… म्हणतात, "आपण लांबचंच काढायचं. अक्काच्या गावी विमान बदलायची वेळ आली की बदलायचंच नाही. सरळ दारातून बाहेर पडायचं." ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची लबाडी पकडली, तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी स्वतः पहिली लबाडी करायला निघाला होता, आणि चेहरा असा खुलला होता म्हणता.

बरं, मोठी बॅग विमानात द्यायची नाही, कारण ती आपली गुमान पुढच्या गावी जाणार. म्हणून हातातल्या पिशव्यांत मावेल तेवढंच. ह्यांनी तीन शर्ट एकावर एक घातले, त्यावर स्वेटर, त्यावर कोट. विमानतळावर घामाघूम होऊन उभे. तपासणीवाला म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?" हे म्हणाले, "तो असं का विचारतोय? यात…" मी म्हटलं, चला पुढे.

काउंटरवर एक मुलगी, इतकी गोड, की मलासुद्धा जरा धास्ती वाटली. म्हणाली, "सर, तुम्ही विमान बदलणार तिथे दाट धुकं आहे, विमानं उतरत नाहीत. पण काळजी करू नका, मी तुम्हाला दुसऱ्या बाजूनं पाठवते. मधलं गाव वेगळं, पण तुम्ही शेवटच्या मुक्कामाला उलट एक तास आधी पोहोचाल."

आता आली का पंचाईत? हे म्हणाले, "नको. आम्हाला त्याच गावावरून जायचंय."

"पण का सर?"

आता का, ते सांगायची सोय आहे का? हे खाकरले. म्हणाले, "आम्हाला… ते विमानतळ बघायचंय."

"सर, तिथे बघण्यासारखं काही नाही. ते आमचं हब आहे."

"हब म्हणजे?"

"म्हणजे सगळीकडून विमानं तिथे येतात, माणसं विमान बदलतात आणि सगळीकडे जातात. तिथे कुणी थांबत नाही, सर."

"तिथे गावही असेल ना?"

ती मुलगी जरा विचारात पडली, खोटं नाही सांगत. म्हणाली, "असेल, सर."

मी ह्यांना कोपरानं ढोसलं, म्हटलं, खरं सांगून टाका, बहिणीकडे जायचंय म्हणून. तर हे कानात म्हणतात, "वेडी आहेस का, पकडतील." आणि त्या मुलीकडे बघून हसले आणि दोन नवी तिकिटं हातात घेतली. ज्या गावात आम्हाला काडीचं काम नव्हतं, त्या गावी आम्ही शनिवारी दुपारी एक तास आधी पोहोचलो.

पोहोचून करायचं काय? तिथल्या काउंटरवर हे म्हणाले, आता आम्हाला मागे अक्काच्या… म्हणजे त्या हबच्या गावी जायचंय. तिथला माणूस म्हणाला, धुक्यामुळे सगळी गर्दी अडकलीय, उद्याचं विमान भरलं, सोमवारी सकाळी दोन जागा आहेत. भाडं ऐकून ह्यांनी कोट काढला. मग स्वेटर काढला. बस? तर बसला दीड दिवस. गुपचूप सोमवारचं तिकीट काढलं.

आणि मग नणंदबाईंना फोन करायचा होता. तो कुणी केला? मीच. म्हटलं, आम्ही अमक्या गावी आहोत. त्या म्हणाल्या, "तिथे कोण आहे तुमचं?" कुणी नाही. "मग तिथे कशाला गेलात?" आता काय सांगू? म्हटलं, धुकं होतं. त्या म्हणाल्या, "धुकं सकाळी होतं. दुपारपासून इथे विमानं उतरताहेत, आमच्या गच्चीवरून दिसतात." आणि मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "त्याला यायचंच नव्हतं, तर तसं सांगायचं. एवढं लांब जायची काय गरज होती?"

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी सगळं ऐकलं. लॉजच्या त्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि बंद न होणारा पंखा. हे खुर्चीत बसून राहिले. जन्मभर दुसऱ्यावर संशय घेतला, पण आपल्यावर कुणी घेतला की कसं वाटतं, ते ह्यांना ठाऊकच नव्हतं हो. रविवारी दिवसभर घड्याळ बघत होते. आता दुकान उघडलं असेल. आता लोक येऊन गेले असतील. संध्याकाळी म्हणाले, "आता कुलूप लागलं असेल." बस, एवढंच. त्या दिवशी 'यात काहीतरी आहे' एकदाही म्हणाले नाहीत. मला तर काळजीच वाटली.

सोमवारी दहाच्या सुमाराला एकदाचे अक्काच्या गावी उतरलो. काय ते विमानतळ. फळ्यावर चाळीस गावांची नावं, सगळी दहा ते अकराच्या मधली. माणसं नुसती धावताहेत, एका दारातून बाहेर, दुसऱ्या दारातून आत, पोरं काखेत, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. आणि अकराला बघावं तर सगळं सामसूम. कॉफीवाला स्टूलवर बसला, फरशी पुसणारी बाई सावकाश पुसायला लागली. मी म्हणतेय, चला, चला, तर हे खांबाला टेकून विमानं मोजताहेत. मला आता कळतं, त्यांना निघायची घाई नव्हती. पुढे काय वाढून ठेवलंय, त्याची धास्ती होती.

घरी गेलो तर नणंदबाईंनी दार उघडलं, माझा हात धरून मला आत घेतलं, आणि ह्यांना म्हणाल्या, "ते दुकानात आहेत." हे म्हणाले, "दुकान तर काल बंद झालं ना?" त्या म्हणाल्या, "मलाही तसंच वाटत होतं."

दुकान बसस्टँडसमोर. हे पुढे, मी मागे. शटर अर्धं वर. आत सगळे खण रिकामे, भिंतीवर खिळ्यांच्या पेट्यांचे डाग, आणि मेहुणे एका डब्यावर बसलेले. शेजारी दुसरा डबा, रिकामा. म्हणाले, "बसा. काल कुलूप लावलं नाही मी."

हे बसले. आता माफी मागतील म्हणून मी वाट बघतेय, तर हे सुरू झाले तिकिटावर. पुढचं स्वस्त, अलीकडचं महाग, कसं होतं, किती होतं, सगळं. ती लबाडीसुद्धा सांगितली. मेहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात न समजण्यासारखं काय आहे? त्या लांबच्या गावी तीन-तीन कंपन्या जातात, म्हणून तिथे भाव पडतो. इथे तुमच्या गावाहून ती एकच येते. जिथे दुसरं दुकान नाही, तिथे गिऱ्हाईक जाणार कुठे?"

"आणि मग सगळी विमानं एकाच तासात का?"

मेहुण्यांनी शटरखालून समोरच्या स्टँडकडे बोट दाखवलं. "त्या खेड्यांच्या बसेस बघताय? सगळ्या दहाला येतात, अकराला जातात. मधल्या तासात लोक बस बदलतात आणि समोर माझं दुकान दिसतं. चाळीस वर्षं मी त्या एका तासावर जगलो. एका वेळी पन्नास माणसं काउंटरवर. मालाच्या पारड्याखाली ग्रीस आणि गंज बसत गेला, तो घासायला त्या तासात सवड नसायची." मग बोट खाली घेतलं. "आणि बाकीच्या तेवीस तासांत मी घासला नाही. माहीत होतं मला. तुम्ही बोललात ते खरं होतं. फक्त लोकांसमोर बोलायला नको होतं."

तुम्हाला सांगते, तीस वर्षांत एकाही दुकानदारानं ह्यांच्यापुढे आपण होऊन कबुली दिली नव्हती. ह्यांना काय करावं तेच कळेना. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. मग म्हणाले, "नको होतं बोलायला. आत बोलावून सांगायला हवं होतं." आणि दोघंही समोरच्या बसेस बघत बसले. मी आपली घरी आले.

आता गोष्ट इथे संपायला हवी की नाही? नाही संपली. परतीचं तिकीट राहिलं ना. हे म्हणाले, परतीचं विमान ह्याच गावावरून जातंय, आपण इथूनच चढू. फोन करून विचारलं, तर फोनवरचा माणूस म्हणाला, "नाही सर, तुमचं परतीचं तिकीट त्या लांबच्या गावाहून सुरू होतं. तिथे चढला नाहीत तर पुढचं सगळं आपोआप रद्द." म्हणजे घरी जायला आधी उलटं त्या लॉजच्या गावी जायचं, आणि तिथून परत इथे. त्यापेक्षा इथून सरळ घरचं नवं तिकीट काढावं, तर त्याचं भाडं ऐकून मेहुणे म्हणाले, "मीसुद्धा एवढं लावलं नसतं." नणंदबाई म्हणाल्या, "उतरेल चार दिवसांत. तोवर राहा."

त्याला आता पाच आठवडे झाले.

हो ना, इथेच आहोत आम्ही. रोज सकाळी हे भाडं बघतात, मान हलवतात, आणि दहा वाजता मेहुण्यांबरोबर त्या रिकाम्या दुकानात जाऊन बसतात. भाडं खरंच इतकं चढलेलं असतं का? मला दाखवत नाहीत. हल्ली मलाच संशय यायला लागलाय. म्हणून काल मी नणंदबाईंच्या फोनवर बघितलं, तर भाडं सपशेल खाली. निम्म्याच्याही खाली. मी भराभर कपडे पिशव्यांत भरले आणि धावत दुकानात गेले, म्हटलं, अहो, उतरलं, काढा तिकिटं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. आणि ह्या खेपेला हे बोलायच्या आधी मेहुणेच म्हणाले, "एकदम एवढं उतरलं? यात काहीतरी आहे."

मी घरी येऊन पिशव्यांतले कपडे परत कपाटात लावले.