स्टॉपची वायर

योगेश : परत दोरी ओढू, मामा?

राघो : नूतन, त्याला सांग, दोरी मी ओढीन. त्यानं खिडकीचा गज सोडायचा नाही. सुटला तर बोट पुराच्या पाण्याबरोबर सरळ खाडीत जाईल.

नूतन : समोरच तर बसलेत ते. तुमचे जावई आहेत, बाबा. दोन वर्षं झाली लग्नाला, आता तरी बोला त्यांच्याशी... आई गं!

योगेश : कळा पाच-पाच मिनिटांनी येतायत. पुलावर अँब्युलन्स उभी आहे.

राघो : पेट्रोल आहे?

योगेश : अर्धी टाकी. पण मोटर गणेश मंडळाची, वीस वर्षं जुनी.

राघो : प्लग बघ, ओला चिंब. म्हणजे पेट्रोल येतंय, पेटत नाही. आधी हे सांडलेलं पुसतो. नूतन, प्लग लोखंडाला टेकवून दोरी ओढतो. टोकाला ठिणगी दिसली की सांग.

नूतन : नाही दिसत.

राघो : नीट बघ, माय.

नूतन : काहीच नाही, बाबा! मला बसवत नाहीये आता.

योगेश : मामा, लवकर! गज हलतोय. भिंतच ओली झालीय.

राघो : थांब. स्टॉपचं बटण... त्यात पाणी गेलं असेल. न दाबताच दाबल्यासारखं होतं. रिक्षांना पावसाळ्यात हेच होतं. त्याची वायरच काढतो.

योगेश : मग मोटर बंद कशी करणार?

राघो : चोक ओढून. आधी चालू तर होऊ दे. नूतन, बघ.

नूतन : दिसली! निळी! बाबा, निळी दिसली!

राघो : घाबरू नको पोरी, मी शे ना इथं. प्लग पुसून बसवला. योगेश, सांगेपर्यंत गज धर.

(मोटर दोनदा खोकते आणि सुरू होते.)

राघो : सोड! गियर टाकतोय!

नूतन : पूल... पूल दिसतोय.

योगेश : स्ट्रेचर घेऊन खाली आलेत. मामा, तुम्ही जा तिच्याबरोबर. शेजारच्या शोभाबाई अजून गच्चीवर आहेत, त्यांना मी आणतो.

राघो : वाटेत परत बंद पडली तर काय करशील? बोट मी नेतो.

नूतन : बाबा, तुम्ही नाही येणार?

राघो : येतो, म्हातारीला उतरवून. नूतनला आता तू लागशील, योगेश. जा, चप्पल राहू दे.