व्यायामाचं इंजेक्शन

त्या पेप्टाइडचं नाव माझ्यापुढं काढू नका राव. शुगरनं आमच्या दादाचे दोन्ही पाय गुडघ्यापासून कापावे लागले, ठाऊकच आहे तुम्हाला. त्यानं मोबाईलवर बघितलं की पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातलं कसलंसं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा बारका तुकडा, टोचलं, की बसल्या जागी व्यायामाचा फायदा होतो, शुगर उतरते. सोलापुरात कुणी धड सांगेना, म्हणून पुण्याच्या नव्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून लई आशेनं बसला.

डॉक्टर म्हणाले, "अहो काका, ते उंदरांवर दिसलंय. माणसांचं अजून पक्कं नाही. इंजेक्शनच्या नादी कशाला लागता? रोज सकाळी तासभर चाला की!"

दादा मला म्हणाला, "बाळ्या, फोन जरा खाली धर."