तुमच्या काकूचे दात

मी सौसरजवळच्या बोरगावचा, अन तुमची काकू मोहगावची. आमची संत्र्याची बाग, अजून हाय, अन कोण्या झाडाले काय रोग झाला थे मी पान पाहून सांगतो, पण घरात पाण्याचा गिलास कधी आपल्या हातानं भरून घेतला नाई. खोटं कायले बोलू.

मंग तुमची काकू विसराले लागली. पयले चष्मा, मंग भाजीत मीठ दोनदा, अन एक दिवस माह्याकडे पाहून सुनेले म्हणते, हा बुढा कोण होय, जेवू घाला पण राहाले ठेवू नका. सून हासली, मी बी हासलो. काय सांगू तुम्हाले, हासाव लागते. डॉक्टर म्हणे हा डोक्याचाच रोग होय, वाढत जाईन.

आता दात घासनं तिनं कवा सोडलं थे आमच्या ध्यानातच आलं नाई. ब्रश ओला दिसे, आम्हाले वाटे घासले. थे नुसता ओला करून ठेवून दे! मंग जेवण सुटलं. पोळी कुत्र्याले टाके, गाल धरून बसे, दुखते का म्हटलं तर म्हणे तुमच्याच घरी कोणाचं दुखत असन. मले वाटलं हट्ट करून राह्यली. महिनाभर ओरडलो मी तिच्यावर. एक दिवस चिडून घास तोंडाशी धरला, खाय म्हटलं, तं तिनं बोट असं चावलं, असं चावलं का रगतच निंघालं. मी पट्टी बांधली अन साऱ्याइले सांगतलं, बागेत काटा लागला.

सुनेनं पट्टी सोडून बोट पाहलं अन म्हणे, मामाजी, संत्र्याच्या काट्याले दात कवापासून आले?

तिनंच मंग काकू जांभई देतानी मोबाइलचा टॉर्च मारला. दाढ काळी, हिरडी सुजून टम्म. पांढुर्ण्याले दाताच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. थ्या म्हणे, काका, ह्या हट्ट नाही करत, यांना दुखतं, पण सांगता येत नाही. माही मान खाली गेली ना भाऊ. अन तुमची काकू खुर्चीतून काय म्हणते, मायं राहू द्या, या बुढ्याचं पाहा, याच्या तोंडाचा वास येते. बाईनं पाहलं, तं माह्याई दोन दाढा किडलेल्या!

तिची दाढ काढली. बाई म्हणे, आता रोज दोनदा दात घासून द्या, पण जबरदस्ती नाही, समोर बसून, सावकाश. पयल्या सकाळी मी ब्रश घेऊन गेलो तं आरडाओरडा, धावा हो, पराया माणूस तोंडात हात घालते! शेजारीण लाटणं घेऊन आली. पन्नास वर्सं संसार केला, अन माह्या ओट्यावर मलेच लाटणं.

आठ दिवस असंच, पेस्ट तिच्या तोंडात कमी अन माह्या सदऱ्यावर जास्त. मंग मी थकलो, तिच्यासमोर बसून आपलेच दात घासाले लागलो. तिनं टक लावून पाहलं. म्हणे, असे घासतेत का रे येड्या, मांगच्या दाढा राह्यल्या. ब्रश हिसकला, माही हनुवटी धरली अन माये दात घासले, लेकराचे घासावं तसे, मांगचे-पुढचे सारे. म्हणे चूळ भर, गिळू नको. मी भरली. मंग भीत-भीत दुसरा ब्रश घेतला, म्हटलं, आता तुये. अन तिनं आ केला, मुकाट्यानं. भाऊ, माह्या डोयात पाणी आलं, तिले वाटलं पेस्ट झोंबली.

आता रोज तसंच. आधी माये, मंग तिचे. दुधात भिजवून भाकर खाते, गालावर थोडं मास बी चढलं. नाव मायं तिले येत नाई, थे काही आता येनार नाई. परवा विचारते, तुम्हाले घरी कोणी हाय का? म्हटलं हाय. म्हणे मंग जा ना, थे वाट पाहत असन. म्हटलं जातो, जरासा बसून जातो. म्हणे बसा मंग. तं बसलो हावो.

देव तुमच्या घरच्या म्हाताऱ्याइले सुखात ठेवो भाऊ. अन मधात-मधात त्याइच्या तोंडात पाहत जा.