मृत्यूचे कारण : वरीलप्रमाणे

आईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे, मी स्वतः तिथे हजर होतो... म्हणजे हजर नव्हतो, केसरीनाथनं सांगितलं, पण तो माणूस कधी खोटं बोलत नाही... बोलतो, पण यात नाही! अहो, त्या ग्रामसेवकाला माणूस म्हणावं की रबरी शिक्का? केसरीनाथची बायको राहीबाई कावीळ होऊन गेली, म्हणून हा बिचारा नोंद करायला गेला. शेलार गावाच्या पलीकडचं गाव, नाव विचारू नका. तर महाशयांनी जांभई देत मृत्यूची नोंदवही उघडली आणि 'मृत्यूचे कारण' या रकान्यात काय लिहावं? वरीलप्रमाणे!

आता वर काय? तुम्हाला सांगतो, वर गोदू. गोदू नाक्यावर टेम्पोखाली आला, त्याच्यापुढे वरीलप्रमाणे. त्याच्या वर ठमाबाई, तीही काविळीनंच गेलेली, वरीलप्रमाणे! असं बोट ठेवून चढत चढत जा, जानेवारी दोन हजार सहा, पहिली ओळ, काळूराम, वय ब्याण्णव, हृदयविकार. झालं! एक म्हातारा झोपेत गेला काय, त्याच्यामागून सगळं गाव हृदयविकारानं मेलं!

"भाऊसाहेब, राहीबाय हलदीसारखी पिवली झालती. काविल लिवा."

"अहो काका, शेवटी बंद काय पडलं? हृदयच ना? मग!"

काय ही बुद्धी! या न्यायानं फाशी दिलेला माणूससुद्धा हृदयविकारानंच जातो!

केसरीनाथला काय त्या रकान्याची हौस होती? घरात पूर्वी नावाची सून, तिला सातवा महिना लागलेला. पोटुशीला कावीळ झाली तर दोन्ही जीव धोक्यात, असं नर्सबाईनं त्याला बजावलेलं. गावच्या नळाचा पाइप गटारातून गेलेला, तोही फुटका. वहीत एकापाठोपाठ एक कावीळ दिसली, की वरून माणसं येतील, पाणी तपासतील, पाइप बदलतील... पण दिसणार कुठून? वरीलप्रमाणे!

त्या वहीवरनं तक्ता झाला, तक्ता गेला वर. वर साहेबलोक, डोक्यावर पंखा, समोर आकडे... अरे बापरे, एवढ्याशा गावात सहा महिन्यांत अकरा हृदयविकार? हलली हो कचेरी! आठ दिवसांत जीप, डॉक्टर, छातीला वायरी लावायचं यंत्र, आणि वर डॉक्टरचं भाषण! "तूप कमी करा, रोज पहाटे पायी फिरायला जा." कुणाला सांगतोय? बारा-बारा तास कापडाच्या लूमवर उभ्यानं ड्युटी करून आलेल्यांना! मागून अय्यूब, केसरीनाथच्याच बरोबर कारखान्यात राबणारा कामगार, ओरडला, "साब, पहले घी खिलाओ, फिर छोड़ देंगे!"

तेवढ्यात केसरीनाथ उठला. "सायेब, नलाला गटाराचं पानी येतंय. मानसं काविलीनं मरतान."

"आमच्याकडे काविळीची एकही नोंद नाही."

"मंजी कागद पिवला पडल, तवाच तुमाला कलल का?"

डॉक्टर हसला. घाम पुसला. आणि त्याच नळाचं पाणी दोन ग्लास गटागटा प्यायला! तीन आठवड्यांत, तुम्हाला सांगतो, डोळे पिकल्या लिंबासारखे! आता ही पडली साहेबाची कावीळ, हिला वरीलप्रमाणे लिहायची छाती आहे कुणाची? ठळक अक्षरांत नोंद, दुसऱ्या दिवशी गावात जेसीबी, तिसऱ्या दिवशी नवा कोरा पाइप!

...काय असे बघताय? बरं बाबा, बरं. डॉक्टरची कावीळ माझी. जेसीबीही माझाच. बाकी सगळं खरं. पाइप अजून गटारातच लोळतोय, आणि केसरीनाथ स्वतः जाऊन पूर्वीला मानकोलीला माहेरी सोडून आला, लेकरू तिथेच होऊ दे म्हणाला. डॉक्टर ना? त्यानं त्या गावचा थेंबसुद्धा तोंडाला लावला नाही हो... घरून बाटली भरून आणली होती.