ह्यांनी पळायचं नाही

— नाही गं श्रावणी, हरतोय म्हणून टीम वाईट असं नसतं. आतापर्यंत एकच मॅच जिंकलो, ती पण समोरची टीम आलीच नाही म्हणून — पण आत्ता कुठे मे लागलाय. बस इथे, जॅकेट घे खाली, बाकडं अजून गारठलेलंय. तुझ्या नवऱ्याने कॅप्टन म्हणून सगळं समजावलं असेल तुला, पण प्रणवचं ऐकू नकोस, तो मैदानात उभा, त्याला काय दिसतंय — टीम बाहेरून बघायची. बोलिंग म्हणशील तर — पिचिंग, पिचिंग, चुकतंच माझं — एक नंबर. वसईचा टेरेन्स आहे ना, त्याचा बॉल दिसतच नाही. फिल्डिंगचा मात्र आनंद. सगळे तिकडे क्रिकेट खेळून आलेले, एका हातात एवढा थोरला ग्लोव्ह दिलाय तरी कॅच घ्यायला दुसरा उघडा हात पुढे, मग आठवडाभर बोटं सुजलेली. कॅनडाला यंदा दीडशे वर्षं झाली म्हणून क्रिकेट नको, इथलं बेसबॉलच खेळायचं असं मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं. कुणाला काय सुचेल नेम नाही.

आणि बॅटिंग? बॅटिंगला आमचे हे. ते बघ, पोट आत घेऊन उभे आहेत ते — तुझे सुधाकरकाका. मारतात छान. पण मारलं की उभेच. इथे बॉल मारला की पळावंच लागतं, क्रिकेटसारखं 'नको, थांब' चालत नाही — आणि हे आपले बॉल कुठे गेला बघत बसतात. की आऊट. अख्खं मैदान हसतं, प्रणव ओरडतो, 'काका, सवय सोडा!', हे पण हसतात. मघाशी तू पण हसलीस, पाहिलं मी — हस गं, हसावं म्हणूनच तर ठरवलंय आम्ही.

म्हणजे काय, म्हणजे? काही नाही. — सवय नाहीये ती. नोव्हेंबरात ह्यांना अटॅक आला ना... प्रणवला नाही माहीत. कुणालाच नाही, इंडियाला गेलोय म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाला, चाला, पण धावपळ बंद. घरी आले ते बेसमेंटमध्ये जाऊन बसले — टीव्ही बंद, लाइट बंद, जेवायला हाक मारली तर 'भूक नाही'. अख्खा विंटर. ड्राइव्हवेवरचा बर्फ मीच शोव्हल करायचे, आणि मध्येच वाकून खालच्या खिडकीतून बघायचे — हलतायत ना, आहेत ना. मग एप्रिलमध्ये प्रणवचा फोन, काका, टीममध्ये येता का — आणि हा माणूस आपणहून जिना चढून वर आला, म्हणाला, वनिता, माझे बूट कुठायत गं? सांग, काय करायला हवं होतं मी? बूट काढून दिले. पण अट घातली — मारायचं, पळायचं नाही. कुणी विचारलं तर क्रिकेटची सवय. मागितला तर बदली रनर देतात म्हणे, पण मागितला की कारण सांगा, कारण कळलं की प्रणव ह्यांना घरी बसवणार. बसवणारच, गुणी मुलगा आहे. म्हणून म्हणते, त्याच्याजवळ बोलू नकोस. शपथ आहे तुला. हे परत खाली जाऊन बसले तर मी काय करू गं?

ए, बघ बघ — टाकला बॉल — मारला! केवढा लांब गेला! आता बघ कसे शांत उभे राहतील, ठरलंय आमचं — आहेत, उभे आहेत — अहो. अहो! कुठे निघालात? अहो थांबा — सुधाकर! — अगं बाई, बॅट पण घेऊनच निघालेत! अहो, टाका ती बॅट! क्रिकेट नाहीये हे, टाका, ओझं कशाला! पळा — हळू पळा!

पोचले. पहिल्या बेसवर आहेत. — वाकलेत. गुडघ्यांवर हात ठेवलेत. — उठा ना हो. — उठले. हसतायत. मुद्दाम माझ्याकडे बघत नाहीयेत. आणि तुझा नवरा नाचतोय बघ, काकांची सवय सुटली म्हणून.

बॅटिंग सुधारली म्हणायची टीमची. तू जा आता, तिकडे जाऊन टाळ्या वाजव. — जा ना गं. मला रडायचंय जरा.